विश्रांतीची मात्रा

सोमवारी सकाळी पॅकहाऊसच्या फाटकाशी बायकांची रांग लागे. डोक्याला जाळीची टोपी, हातात द्राक्षांचे खराब मणी छाटायची कात्री आणि आत शिरताना दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा. मग नाक चोळत त्या आपापल्या टेबलाशी जाऊन उभ्या राहत. फवाऱ्याचं नाव ‘विराम’. हंगामाचे चार महिने पाळी नाही, पोटदुखी नाही, खाडा नाही. बायकांनाही तो नकोसा नव्हता. दहा-दहा तास उभं राहणाऱ्या बाईची महिन्याची कटकट टळत असेल तर ती कशाला नाही म्हणेल? मुकादमाचा तर सुंठीवाचून खोकला गेला होता. हंगाम संपला की फवारा बंद करायचा, महिन्याभरात पाळी परत येते, असं डबीवर छापलेलं होतं.

त्याच रांगेतल्या पल्लवीची आली नाही. दोन हंगाम तिने विराम घेतला आणि तिसऱ्याला सोडला. काम मात्र सुरूच ठेवलं. त्यालाही आता वर्ष होत आलं होतं. तपासण्यांत काही सापडलं नाही. सासूने आधी झाडपाला दिला, मग टोमणे, आणि दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर हिला माहेरी पोचवू असं ती शेजारणींना सांगू लागली होती. पल्लवीला धड झोप लागत नव्हती.

तिची आई हौसाबाई गांगुर्डे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्राणिगृह सांभाळायची. विरामची पहिली चाचणी तिथल्याच पांढऱ्या उंदरांच्या माद्यांवर झाली होती. पिंजरे धुणं, दाणा घालणं आणि रोज प्रत्येक मादीच्या स्रावाचा नमुना काचपट्टीवर घेणं हे काम अकरा वर्षं हौसाबाईंकडे होतं. उंदराची मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, आणि ती कधी येणार हे काचपट्टी पाहण्याआधीच हौसाबाईंना कळायचं.

एके दुपारी त्या डॉ. मृदुला ओगल्यांच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. चाचणी ओगल्यांचीच होती. आता त्यांच्या अंगावर आणखी तीन प्रकल्प होते, त्यात गुडघे दुखत होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. हौसाबाईंनी लेकीची हकीकत सांगितली आणि विचारलं, “फवारा बंद केल्यावर आपल्या माद्या तर आल्या होत्या ना माजावर? मग माझ्या पोरीचं काय अडलंय?”

ओगल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सगळ्या नव्हत्या आल्या, हौसाबाई. बारा राहिल्या होत्या.”

हे त्या आजवर कुणाशी बोलल्या नव्हत्या. एका फळीवरच्या बारा माद्यांचं चक्र बंदच राहिलं होतं. त्या दिवसांत हौसाबाई रजेवर होत्या आणि कंत्राटावरचा माणूस लोखंडी चिमट्याने माद्यांची शेपटी धरून नमुने घ्यायचा. ओगल्यांनी ‘हाताळणीतील दोष’ असा शेरा मारून ती फळी निकालातून वगळली. नियमाला धरूनच होतं ते. रजा कशासाठी होती हे हौसाबाईंना आठवलं. पल्लवीचं लग्न होतं.

दुसऱ्या दिवशी ओगले प्राणिगृहात स्टूल टाकून बसल्या. इतक्या वर्षांत हौसाबाईंचं काम त्यांनी असं बसून कधी पाहिलंच नव्हतं. हौसाबाई मादी हलकेच उचलत, मांडीवर अॅप्रनच्या घडीत ठेवत, पाठीवरून बोट फिरवत काहीबाही पुटपुटत. पाच-दहा मिनिटांनी तिचा श्वास संथ झाला की मगच नमुना घेत.

“हे तुम्ही कधी बोलला नाहीत,” ओगले म्हणाल्या.

“यात काय बोलायचं? भ्यालेल्या जनावराला हात लावू नये, मॅडम. पयले त्याला निवू द्यायचं.”

मग ओगल्यांनी तिथेच बसून त्यांना सगळं समजावलं. मेंदूच्या तळाशी काही पेशी किसपेप्टिन नावाचा छोटा रेणू सोडतात. त्याची टाच बसली की पुढची संप्रेरकं एकामागून एक निघतात आणि अंडाशय कामाला लागतं. दुसरा एक रेणू याच साखळीला आवरून धरतो. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘लगाम’ म्हणत. विराम ही त्या लगामाची नक्कल. फवारा थांबला की लगाम सैल व्हायला हवा. पण भीती, उपास, अतिश्रम यांत मेंदू स्वतःच लगाम खेचून धरतो, कारण पिल्लं व्हायची ही वेळ नाही असं त्याला वाटतं. आधीच फवाऱ्याने ताणलेला लगाम भ्यालेल्या मादीत सुटत नसावा. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मादी पिंजऱ्यात परत ठेवली.

चाचणी पुन्हा झाली. फवारा बंद केलेल्या चोवीस माद्या. बारा हौसाबाईंच्या मांडीवर, बारा चिमट्याने. महिन्याने मांडीवरच्या अकरा माजावर आल्या आणि चिमट्याच्या दोन. उरलेल्या दहा हौसाबाईंच्या हवाली केल्यावर तीन आठवड्यांत त्यांतल्या आठ आल्या. ओगल्यांना आनंद व्हायला हवा होता. वाटली ती शरम, आणि तिच्याखाली थकवा.

निकाल पाहून विराम बनवणाऱ्या कंपनीचा माणूस संगणकाच्या पडद्यावर फार अदबीने बोलला. विक्री थांबवण्याइतकं यात काही नाही, पण डबीत एक पत्रक घालू, फक्त विश्रांतीची मात्रा आकड्यात द्या, असं त्याचं म्हणणं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या ओगले भांडल्या असत्या. आता त्यांनी आकडा दिला.

पत्रक छापून आलं, त्या रविवारी पल्लवी पुण्याला आली होती. ओगल्यांनी तिला प्रयोगशाळेत बोलावून समोर बसवलं. “तुझ्यात खोट नाही,” त्या म्हणाल्या, “तुझा मेंदू तुला जपतोय. त्याला जरा स्वस्थता मिळाली की लगाम सुटेल असं मला वाटतं. खात्री देत नाही. भ्यालेल्या दहांपैकी दोन माद्या आल्याच नाहीत.” आणि त्यांनी पत्रक तिच्या हातात दिलं.

पल्लवीने ते ओठ हलवत दोनदा वाचलं. ‘फवारा बंद केल्यानंतर आठ आठवडे रोज नऊ तास झोप, हलकं काम आणि भयमुक्त वातावरण आवश्यक.’ तिला रडू आलं. आपण वांझ नाही हे कुणी तरी पहिल्यांदा म्हणालं होतं. हौसाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. डोळे पुसून पल्लवीने कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली आणि ओगल्यांकडे पाहिलं.

“मॅडम, हे मी दाखवू कुणाला? मुकादमाला, का सासूला?”