मावशीच्या जागी भाची

"ही मावशी नव्हे पोरी, ही भाची. मावशीनं जन्मात कुणाला आपला चेहरा काढू दिला नाही. वेळ कुठे होता तिला?"

वडिलांचा हा आवाज विदानं सातव्या वर्षी ऐकला होता, महाने येहुदा बाजारातल्या त्यांच्या ऑलिव्हच्या दुकानात. पुडीच्या कागदावर बाईचा चेहरा असलेल्या एका जुन्या पदकाचं चित्र छापलेलं होतं. वडील मूळचे इझमीरचे. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या दोन्या ग्रासिया या धनाढ्य ज्यू बाईबद्दल ते घरातल्याच बाईबद्दल बोलावं तसं बोलायचे. राजांच्या तावडीतून आपली माणसं गलबतांत घालून सुखरूप नेणारी ती मावशी... आणि पदकावर तिच्याच नावाची, अठरा वर्षांची भाची.

आज वीस वर्षांनी तो आवाज पुन्हा कानात उठला. स्मारक-नाण्याचं चित्र कोरण्यासाठी विदाच्या हातात आलं होतं. नाणं मावशीच्या आठवणीचं, वर चेहरा भाचीचा.

कोरायची हत्यारं तशीच टाकून ती तडक नाण्यांच्या कचेरीचा जिना चढली. मधल्या पायरीवर एक उंच तरुण बुरेकस, म्हणजे तीळ लावलेली, आत सारण भरलेली खारी, खात उभा होता. तिचा धक्का लागला आणि तिळांचा सडा पडला.

"सावकाश. जिना कुठे पळून जात नाही."

"पळायला हवं ते हे चित्र पास करणाऱ्या गाढवानं. पाहिलंत का त्याला?"

"रोज बघतो, दाढी करताना." त्यानं हात पुसले. "मी ओडेद. इतिहास तपासायचं काम माझंच."

हसू यायला हवं होतं. विदाचा राग आणखीच भडकला – आणि त्या रागातही तिला दिसलंच, त्याच्या भुवईत एक तीळ अडकलाय...

"मावशीचं चित्र जगात कुठेच नाही," तो म्हणाला. "लोकांना चेहरा लागतो."

"म्हणून कुणाचाही चिकटवायचा?"

मग दर मंगळवारी ती भांडायला जिना चढू लागली. तोही पुदिन्याच्या चहाचे दोन पेले भरून ठेवू लागला. तुम्हीचं तू कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

"आज किती शिव्या आणल्यास?"

"चहा पिऊन घे. मग ऐक."

एका मंगळवारी तिनं आपलं चित्र त्याच्यापुढे ठेवलं. पाठमोरी बाई, वाऱ्यानं फुगलेली शाल, समोर तिबेरियाचं तळं, ज्याच्या काठी मावशीनं आपल्या माणसांसाठी गाव वसवायला घेतलं होतं. ओडेदनं पेला बाजूला सरकवून ते उचललं.

"चेहरा नाही... पण बाई दिसते," तो हळूच म्हणाला.

विदानं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रागावणं अवघड झालं असतं.

"मग नाण्याच्या समितीला सांग, चूक झाली म्हणून."

"सांगतो."

सांगितलं नाही. बैठकीत विदानं चित्र मांडलं, चूक दाखवली. अध्यक्षबाईंनी विचारलं, "ओडेद, ही म्हणते ते खरं?" तो समोरच्या कागदाकडे बघत बसला. विदा उठली. "या खोट्या चेहऱ्याला माझा हात लागणार नाही. दुसरं कुणी बघा," म्हणाली आणि निघाली. पुढचे दोन मंगळवार ती त्या रस्त्यालाही फिरकली नाही.

तिसऱ्या मंगळवारी तोच तिच्या कामाच्या खोलीच्या दारात उभा राहिला. ती प्लास्टरच्या भुकटीत कोपरापर्यंत पांढरी झाली होती.

"समितीला सांगितलं," तो म्हणाला. "चेहरा भाचीचा, सही माझी, चूक माझी. तुझं चित्र मंजूर झालं. मला त्या कामावरून काढलं."

"मग? टाळ्या वाजवू?"

"नको."

"त्या दिवशी का दातखीळ बसली होती?"

"भ्यायलो, विदा."

तिनं हातातली छिन्नी आपटली. डोळे भरले, त्याचाही तिला संताप आला.

"त्या बैठकीत सातजण गप्प बसले. बाकीच्या सहांना मी जिना उतरेपर्यंत विसरलेसुद्धा." तिनं पांढऱ्या हातानंच डोळे पुसले. "तुला... तुला नाही विसरता आलं मेल्या. लई प्रयत्न केला."