नऊ नाही, चौदा

शिडीवर उभी राहून मी फिजिओथेरपी केंद्राची नवी पाटी रंगवत होते, आणि तिसऱ्या अक्षराच्या पोटात असतानाच माझं उजवं कोपर अडकलं. खरोखर अडकलं. सरळ होईना, दुमडेना. अडकायला जागा तरी कुठली निवडावी त्यानं!

"खाली येताय, की मी वर येऊ?"

खाली एक उंच तरुण दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता.

"वर येऊ नका, ब्रश ओला आहे," मी कशीबशी म्हणाले. "आणि खाली... मला येता येत नाहीये."

"मग इथंच ओळख करून घेऊ. मी आतला फिजिओ."

एक्स-रेत कोपराच्या मागच्या बाजूला हाडाला फुटलेली दोन बारीक टोकं दिसली. हाड वाढलंय, सर्जन म्हणाले. बारा वर्षं हात डोक्याच्या वर धरून काम केल्याचं बक्षीस! हात पुरता सरळ व्हायला बावीस अंश कमी पडत होते. सहा आठवड्यांत ते दहाच्या आत आले तर ठीक, नाहीतर ऑपरेशन आणि तीन महिने ब्रश बंद.

बाबांची नजर अधू झाल्यापासून आमच्या दुकानात रंगवणारा हात एकच उरला होता – माझा. त्यात नाट्यगृहाची लांबलचक भिंत अंगावर घेतलेली.

"व्यायामानं ती टोकं झिजतील ना हो?" पहिल्याच दिवशी मी विचारलं.

"नाही," फिजिओ म्हणाला. "ती तिथंच राहणार. पण आपण सूज उतरवू, आखडलेले स्नायू मोकळे करू आणि खांद्याला जरा कामाला लावू. सध्या सगळा भार बिचारं कोपर एकटंच उचलतंय."

"आमच्या दुकानातही तसंच आहे."

तो हसला. मग गरम शेकाची पिशवी बाजूला ठेवून त्यानं माझं कोपर तळहातावर घेतलं.

"सैल सोडा, पेंटर."

"सोडलंय की!"

"हे सैल? दाराला कडी घातल्यासारखं झालंय."

"तुम्ही धरलंय म्हणून..." मी बोलून गेले आणि माझे कान तापले. तोही उगाच माझ्या फाईलमध्ये काहीतरी शोधायला लागला.

"दुखेल तिथं थांबायचं," फाईलमध्येच बघत तो म्हणाला. "घरी शूरपणा करायचा नाही. केलात तर मी रागावेन."

"रागावून दाखवा बरं!"

त्यानं भुवया जवळ आणून पाहिल्या. जमलं नाही त्याला.

दर सोमवारी तो कोनमापकाची पट्टी माझ्या हाताला लावायचा. एकोणीस. सतरा. मी आयुष्यभर अक्षरांचे तिरपे दांडे ओढलेत, मला कोन नुसत्या नजरेनं कळतात. आकडा तो बोलायच्या आधीच मी मनात म्हणायचे आणि आमचं दोघांचं जुळायचं. सोमवारची मी वाट बघायला लागले होते. कोपरासाठी? असं मी स्वतःला सांगत होते खरं.

चौथ्या सोमवारी त्यानं पट्टी लावली आणि त्याचा चेहरा उजळला.

"नऊ! दहाच्या आत आलात पेंटर, नऊ!"

मी हाताकडे पाहिलं. नऊ नव्हते. चौदा होते.

गप्प बसले असते तर ऑपरेशन टळलं असतं. त्याचा तो आनंदही तसाच राहिला असता. पण नाट्यगृहाच्या भिंतीपुढच्या उंच परांचीवर कोपर पुन्हा अडकलं, तर?

"नऊ नाही," मी म्हणाले. "चौदा आहेत."

त्यानं पुन्हा पट्टी लावली. मग नऊ खोडून चौदा लिहिले.

गुरुवारी त्याच्या जागी चष्मा लावलेल्या वयस्कर मॅडम होत्या. "तुमची फाईल त्यानं मला दिलीय," त्या म्हणाल्या. कारण त्यांनी सांगितलं नाही, मला विचारवलं नाही. चूक काढलेली लागली असेल का त्याला? दोन आठवडे तो व्हरांड्यात समोर आला की नुसती मान हलवायचा आणि पुढं जायचा.

"कोपर दुखतंय का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं?"

शेवटच्या दिवशी मॅडमनी दोनदा मोजलं, सर्जनना फोन केला आणि मला सोडलं. बाहेर आले तर पायऱ्यांवर तो उभा!

"आत काय निघालं ते आधी सांगू नका," तो घाईघाईनं म्हणाला. "पहिलं माझं ऐका. त्या दिवशी पट्टीवर चौदा होते. मला नऊ दिसले, कारण मला नऊच हवे होते. इतके हवे होते, की... असा माणूस तुमच्यावर उपचार करायला लायक नाही. म्हणून फाईल दिली."

"आणि मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"ते मला येत नाही, तुम्ही पाहिलंय ना." तो एक पायरी वर आला. "पेशंट असताना विचारणं बरं नव्हतं. आज तुमचे सहा आठवडे संपले. ऑपरेशन झालं तरी, नाही झालं तरी... तीन महिने ब्रश बंद राहिला तरी... मला तुमच्यासोबत राहायचंय. आवडता तुम्ही मला. फार."

माझ्या ओठांवर 'आठ' हा आकडा येऊन थांबला होता. ऑपरेशन रद्द, व्यायाम मात्र जन्मभर. एका वाक्यात त्याची काळजी मिटली असती... पण त्याला थोडं ताटकळत ठेवावंसं वाटलं. दोन आठवडे मी काय कमी ताटकळले होते?

"मलाही," एवढंच म्हणाले आणि उजवा हात पुढं केला. तो किती सरळ झाला, हे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही.