एकतीस नंबर कुठे गेला?

"वेर्नरचं एक जरी यंत्र चाललं ना, तर त्याची ती पाणी घालायची टोपी चढवून मी शेकोटीपुढच्या टेबलावर उभा राहीन!" प्रेबेन ओरडला. "आणि सगळ्यांना सांगीन, वेर्नर माझ्यापेक्षा हुशार होता!"

"आणि एकही नाही चाललं तर?" कुंपणापलीकडून बोडिलनं विचारलं.

"तर आज संध्याकाळी सणाच्या शेकोटीला भरपूर लाकूड!"

भाड्यानं घेतलेल्या छोट्या छोट्या बागांच्या त्या वसाहतीची अध्यक्ष बोडिलच. तिनं कुंपणावरून हात पुढे केला. पैज लागली!

शेजारच्या बागेत पायरीवर व्हिगा बसली होती. वेर्नर तिचे आजोबा. एप्रिलमध्ये गेले. तेव्हापासून तिला रडू नाही, राग नाही, काहीच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल कसा बधिर होतो, तशी ती आख्खी झाली होती. आजोबांची शेड आज रिकामी करायची, यंत्रं शेकोटीत टाकायची, हे ऐकूनही ती नुसती "बरं" म्हणाली होती.

"बरं काय बरं!" व्हिलाड्स खेकसला. तो आणि त्याची धाकटी बहीण एलन समोरच्याच बागेतले. "चल, एकेक चालवून बघू!"

शेडमध्ये आजोबांची वही होती आणि प्रत्येक यंत्रावर लाल रंगात नंबर. चार नंबरच्या अंडं सोलायच्या यंत्रानं अंडं थेट व्हिलाड्सच्या कपाळावर मारलं! एकोणीस नंबरच्या पाखरं हाकलणाऱ्या हातानं एलनच्या पाठीत धपाटा घातला!

"पाखरू नाहीये मी!" एलन किंचाळली.

बारा नंबर ती टोपी. मान तुकवली की पुढे पाणी पडायला हवं. पडलं मागेच.

"एकतीस नंबर कुठंय?" व्हिगानं थंडपणे विचारलं आणि वही वाचली. "गोगलगाय-कुंपण. फळ्यांवर तांब्याच्या दोन तारा, एक चौकोनी बॅटरी. दोन्ही तारांना टेकली की झिणझिणी, गोगलगाय माघारी."

यंदा बोटाएवढ्या तपकिरी गोगलगाईंनी सगळ्यांच्या भाजीची चाळणी केली होती.

"सगळ्यांच्या नाही," एलन हळूच म्हणाली. "प्रेबेनचं लेट्यूस बघितलंत?"

तिघंही कुंपणाखालून सरपटले. लेट्यूस टवटवीत! भोवती ताज्या हिरव्या रंगाच्या फळ्या, त्यांवर दोन तारा. व्हिलाड्सनं नखानं रंग खरवडला. खाली लाल ३१!

"चालू आहे का पण? बोट लाव."

"बोटाला नाही कळायचं. गोगलगाय ओली असते," व्हिगा म्हणाली, आणि तिनं सरळ जीभ टेकवली.

"आई गं!"

आंबट, झोंबरं काहीतरी जिभेतून गेलं. डोळ्यांत पाणी आलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी लागलं होतं.

"ईई! गोगलगाईची तार चाटली हिनं!"

"गप्प! एक फळी काढ," व्हिगा म्हणाली. "मला एक सुचलंय."

संध्याकाळी सगळी वसाहत शेकोटीपाशी जमली. व्हिगा फळी घेऊन पुढे आली. "बोडिल, ही आजोबांची शेवटची. टाकू?"

"ए, ती नको!" प्रेबेन धावलाच. "माझं लेट्यूस खातील ना त्या!"

मग तो थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"म्हणजे चालतं हे?" बोडिलनं विचारलं.

प्रेबेननं मान खाजवली. "मार्चमध्ये त्यानं वापरून बघ म्हणून दिलं. मी हसलो होतो. चालतंय कळलं, तोवर तो गेला. सांगायचं राहूनच गेलं. मग लाज वाटली, म्हणून नंबरावर रंग फासला."

"शाब्बास रे पोरांनो!" बोडिल म्हणाली. "शेड राहील, यंत्रं राहतील. व्हिगा, किल्ली तुझ्याकडे. आणि प्रेबेन, तू? चढ टेबलावर!"

टोपीत व्हिगानं आधीच काठोकाठ पाणी भरून ठेवलं होतं.

"वेर्नर माझ्यापेक्षा हुशार होता!" प्रेबेन गरजला आणि व्हिगापुढे झुकला. सगळं पाणी मागून त्याच्या कॉलरमध्ये!

वसाहत खो खो हसली. व्हिगाही हसली, जरा ओलं ओलंच. मग तिनं पेन्सिल काढली आणि आजोबांच्या वहीत, बारा नंबरखाली लिहिलं: 'भोक पुढे करणे.'