नवव्या ग्रीनचा पेला

"अहो, बाजूला व्हा! तुम्ही माझ्या गवतावर उभे आहात!"

स्कीवरून मजेत चाललेला तो माणूस थबकला. खाली पाहिलं तर नुसता ताजा बर्फ. समोर पाहिलं तर कमरेवर हात ठेवून उभी असलेली, लाल टोपीतली, लाल झालेली एक मुलगी.

"गवत? मला तर इथं उत्तर ध्रुव दिसतोय."

"गोल्फचं नववं ग्रीन आहे ते, भोकाभोवतीची नाजूक हिरवळ. बर्फ दाबला की खालचं गवत गुदमरतं."

"मग मी काय... उडत जाऊ?"

मारितला हसू आलं, पण तिने ते गिळलं. मिनेसोटातल्या या छोट्या गोल्फ मैदानाची देखभाल तिच्याकडे आल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा, आणि तोही असा वैऱ्यासारखा! ऐन थंडीत पाऊस पडून गोठला आणि प्रत्येक ग्रीनवर बर्फाची जाड लादी बसली. मैदानाच्या समितीचे अध्यक्ष ऑर्विल म्हणाले होते, हात लावू नकोस. पण खालचं गवत गुदमरू नये म्हणून तिने सगळ्या लाद्या फोडून काढल्या. आता गवत मेलेलं निघालं, तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार होतं, आणि नोकरीही जाणार होती.

"मेलंय की जगलंय, कळणार कसं?" स्की काढता काढता त्याने विचारलं.

"प्रत्येक ग्रीनचा एक तुकडा कापून उबेत, उन्हात ठेवायचा. माझ्या घराला मेलं ऊनच नाही."

"माझ्या बेकरीची खिडकी दक्षिणेला आहे. मी आर्लो. कॉफीसुद्धा देईन... म्हणजे गवताला नाही, तुम्हाला."

अशा रीतीने दालचिनीच्या रोलशेजारी मातीने भरलेल्या कागदी पेल्यांची रांग लागली. मारित रोज सकाळी यायची, आधी पेले बघायची, मग आर्लोकडे. हळूहळू तो क्रम उलटा झाला... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही. एकेक पेला हिरवा होत गेला. नववा तेवढा तपकिरीच राहिला.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मात्र नववाही हिरवा!

"आर्लो! जगलं रे!" तिने त्याचे पिठाचे हात घट्ट धरले. मग वाकून एक पातं उपटलं — आणि ते डोळ्यांजवळ धरलं. पात्याच्या मुळाशी बियाचं टरफल चिकटलेलं होतं.

"हे जुन्या मुळातून फुटलेलं नाही. तू बी पेरलंस."

"तुझा उतरलेला चेहरा... बघवत नव्हता मला."

"आणि उद्या मी सगळ्यांसमोर खोटं बोलले असते! मला गोड बातमी नको होती, आर्लो. खरी हवी होती."

पेला उचलून ती निघाली. रागाने डोळे भरले होते. दारात मात्र तिचे पाय अडले.

"या थंडीत इतकं दाट उगवलं कसं?"

"रात्री भट्टीजवळ ठेवायचो," तो खाली मान घालून म्हणाला. "वर पावाच्या पिठावर घालतो ते फडकं."

दुसऱ्या दिवशी तिने तोच पेला समितीपुढे ठेवला. "नववं ग्रीन मेलंय. पण झाकून, ऊब धरून पेरलं तर असं उगवतं. बाकीची सगळी जगलीत, हेही मी उगवून आणीन." ऑर्विलनी पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मैदान उघडेपर्यंत वेळ घे."

एप्रिलच्या बोचऱ्या वाऱ्यात ती नवव्यावर एकटीच पांढरं आच्छादन अंथरत होती. एक कोपरा सारखा उडत होता. अचानक तो उडायचा थांबला. त्यावर दोन बूट होते, पिठाने माखलेले.

"गवतावर उभा राहिलो तर चालेल?" आर्लोने विचारलं.

"पुन्हा खोटं बोलणार?"

"नाही. आता खरं सांगायला आलोय... तू आवडतेस मला. खूप."

मारितने या वेळी हसू गिळलं नाही.

"मग हलू नकोस तिथून."

"किती वेळ?"

"उगवेपर्यंत."

"आणि उगवल्यावर?"

ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच कोपऱ्यावर त्याच्या शेजारी उभी राहिली.

"उगवल्यावरसुद्धा."