फक्त रविवारी, फक्त बागेत

लेकीला पाळणाघरात सोडलं, तरी माझा पाय निघत नसे. मी खिडकीतून डोकावत राहायचे. रडतेय का... पडली तर नाही ना...

त्या दिवशी डोकावताना माझी बाही ओल्या भिंतीला घासली.

"अहो, जिराफाची मान पुसलीत तुम्ही," शिडीवरून आवाज आला.

भिंत रंगवणारा होता. खाली रंगांचे कितीतरी डबे, पण उघडे दोनच — निळा आणि पिवळा.

"सॉरी... बाकीचे वाळलेत का?"

"नाही, मीच बंद ठेवलेत. सगळे उघडले की हात बावचळतो माझा. दोनच असले की डोकं चालतं."

मी चादरींवरची डिझाइन्स काढते. लेकीचा बाबा आम्हाला सोडून गेल्यापासून एकही धड पुरं झालं नव्हतं. काढायचं, घाबरायचं, फाडायचं. त्या दुपारी स्वतःला बजावलं — फक्त पान काढायचं, दुसरं काही नाही. संध्याकाळपर्यंत कागद भरला. साहेब म्हणाले, "अशीच अजून काढा."

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं.

"मग माझी फी?" त्याने थर्मासमधला चहा पुढे केला. "खिडकीपाशी हा कप संपेपर्यंतच थांबायचं."

मी घोट लांबवू लागले...

"गार झालेला चहा संपला असं धरतात," तो मिस्कीलपणे म्हणायचा.

भिंत मात्र भरत आली. लेक घरी 'जिराफकाका, जिराफकाका' करू लागली. हाही गेला तर? मला सवय आहे. तिला कशाला लावायची?

शेवटच्या दिवशी ब्रश धुताना तो म्हणाला, "मला भेटायचंय... तुम्हा दोघींना."

"मला भीती वाटते."

"माझी?"

"तुम्ही आवडता, त्याची."

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "कुठपर्यंत यायचं, ते तुम्हीच आखून द्या."

"फक्त रविवारी. फक्त बागेत. तिला कसलंही वचन द्यायचं नाही. आणि उशीर तर नाहीच... उशीर झाला की मला नको नको ते सुचतं."

"हसायला परवानगी?"

"बेताची."

रविवारी धास्तीने मी खूप आधीच पोचले. तो बाकावर होता — केस नीट विंचरलेले, हात गुडघ्यांवर घट्ट. लेक माझं बोट सोडून त्याच्याकडे पळाली. मी तिच्या मागोमाग गेले.

"कधी आलात?" मी विचारलं.

"सांगितलं तर घाबराल."

मी घाबरलेच. तरी बसले, त्याच्या शेजारी.