लॉकचं तोंड

बाबांची तेरवी झाली आणि पाहुणे गोंदिया, नागपूर, बल्लारशाकडे पांगले. मी रजा वाढवून मागे राहिले. भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरात आई एकटी राहू शकेल का, हे मला ठरवायचं होतं. ती राहीन म्हणत होती. तिचे हात कापायचे, ब्लाऊजचे हूकही मीच लावून द्यायचे; पण हातांची मला एवढी काळजी नव्हती. डोकं ठिकाणावर असेल तर कामाला बाई ठेवता येते, शेजारी लक्ष देतात. ते नसेल तर घराला कुलूप घालून तिला नागपूरला न्यावं लागणार होतं, आणि हे घर सोडणं तिला किती जड जाईल, हे मला माहीत होतं.

मागच्या अंगणात बाबांची खोली आहे. स्टील प्लांटच्या मशीन शॉपमधून निवृत्त झाल्यावर ते तिथे मॉडेल विमानांची इंजिनं दुरुस्त करत. मुठीत मावतील एवढी इंजिनं. त्यांच्या इंधनात एरंडेल असतं, त्यामुळे खोलीला जळक्या एरंडेलाचा वास कायमचा लागला आहे. आई त्या खोलीला दवाखाना म्हणायची.

टेबलावर शेवटचं इंजिन उघडं पडलं होतं. पिस्टनमधून एक पिन आरपार जाते. ती सरकून सिलिंडर खरवडू नये म्हणून पिनेच्या दोन्ही टोकांशी, भोकाच्या आतल्या खाचेत, तारेची बारीक कडी बसवतात. कडी पूर्ण गोल नसते. एका जागी तिचं तोंड उघडं असतं. बाबा तिला लॉक म्हणत. बसवताना ती हमखास उडते आणि मग घरभर शोधत फिरावं लागतं. म्हणून बाबा आईच्या साडीवरची पारदर्शक पिशवी घेत, इंजिन तिच्यात ठेवत आणि दोन्ही हात आत घालून काम करत. कडी उडाली तरी पिशवीतच राहायची.

एका बाजूचं लॉक बसलेलं होतं. दुसरं बसवायच्या आधी बाबा खुर्चीतच गेले. दुसरी खाच मी तशीच रिकामी ठेवायचं ठरवलं. त्यामागे काही विचार नव्हता. हात लावावासा वाटला नाही, एवढंच.

इंजिन भाऊराव काकांचं होतं. काका बाबांचे जुने मित्र, भिलाई-३च्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी लावून ते आले.

"पोरी, माझं इंजिन देऊन टाक. एक लॉक तर राहिलं. पट्टी निघाली का मी बसवतो."

"थोडे दिवस राहू द्या काका."

"कावून? त्याची पूजा करते का?"

आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मीही हसले, पण इंजिन दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांचं सामान भरायला खोके आणायला सुपेल्याच्या बाजारात गेले. परत आले तेव्हा खोलीचं दार लोटलेलं होतं. टेबलावर इंजिन पिशवीच्या आत होतं. दुसरं लॉक बसवलेलं होतं.

"आई, काका येऊन गेले का?"

"कोणी नाही आलं."

"मग हे कोणी बसवलं?"

"यांनीच," ती म्हणाली. ती गवार निवडत होती. "अर्धं काम टाकून ते कधी उठले का?"

ती वेड लागल्यासारखं बोलत नव्हती. भाजीवाला येऊन गेला हे सांगावं, तसं तिने सांगितलं होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

काकांना फोन केला. ते म्हणाले, मी खाटेवर पडून आहो, सुनेले विचार. सुनेनेही तेच सांगितलं. तरी माझा संशय गेला नाही. इंजिन हवं होतं ते त्यांनाच. त्यांनी कोणाला तरी पाठवलं असेल आणि आईला गप्प राहायला सांगितलं असेल. आईने स्वतः बसवणं शक्यच नव्हतं. जिला हूक लागत नाही ती नखाएवढी कडी खाचेत काय बसवणार?

मी टोकदार सळईने ते लॉक काढलं आणि कचऱ्यात टाकलं. निघालेलं लॉक पुन्हा वापरत नाहीत, त्याचा ताण जातो; बाबांच्या डबीत नवी होतीच. नवं कुलूप आणून खोलीला लावलं. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये, पर्स खांद्याला. खिडकीला जाळी आहेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप उघडलं. बाहेर मे महिन्याचं कोरडं ऊन होतं. वाळत घातलेला टॉवेल ताठ होऊन गेला होता. आत टेबलावर पिशवी होती, आणि पिशवीला आतून वाफ धरली होती. बराच वेळ कोणाचे हात आत असले की धरते तशी.

लॉक बसलेलं होतं.

काका संध्याकाळी आले, मीच बोलावलं होतं. त्यांचे हात मला बघायचे होते. आईने चहा दिला तर त्यांनी कपाच्या कानाऐवजी हवेतच बोटं मिटली. एका डोळ्याने त्यांना अंतर कळत नव्हतं. मी त्यांना खोलीत नेलं आणि बाबांचं भिंग घेऊन प्रथमच ते काम नीट पाहिलं.

"काका, हे बाबांनी बसवलेलं नाही."

"बाबांनी तर नाहीच ना, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले.

तोवर मी मनात काय धरून बसले होते, ते मला तेव्हा कळलं. काकांवरचा संशय, कुलूप, किल्ल्या, या सगळ्याच्या खाली मला वाटत होतं की बाबाच असतील. आणि ते नव्हते, याचं मला वाईट वाटलं होतं.

"याचं तोंड वर आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "हे बघा, बाबांनी बसवलेल्याचं खाली आहे. आडवं तर कोणीच ठेवत नाही, पिस्टनच्या धक्क्यांनी दबून सुटतं. वर ठेवलं तर चालतं. पण बाबांना नाही चालायचं. प्रत्येक इंजिनात तोंड खाली, क्रँकच्या दांड्याकडे. कधीच वर नाही."

काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "हे इथं नको बोलू."

"का?"

ते मला खोलीबाहेर घेऊन आले. चपला घालताना म्हणाले, "ते इंजिन राहू दे. मले नाही पाहिजे आता." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून जरा मोठ्याने, "वहिनी, पोरीसंग नागपूरले जा तुम्ही. हवापालट होईल."

"मी कावून जाऊ?" आतून आई म्हणाली. "घरात माणूस आहे."

ते लॉकही मी काढलं. कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं.

सकाळी उघडलं तेव्हा आत गारवा होता. पिशवी ओली होती. भिंगाशिवायही दिसत होतं.

तोंड खाली होतं. बरोबर क्रँककडे. कडेला एकही ओरखडा नव्हता. बाबांनी बसवलेल्या लॉकशेजारी ठेवलं असतं तर कोणतं कोणाचं ते मला सांगता आलं नसतं.

मी कुलूप न लावताच स्वयंपाकघरात आले. आई ओट्याशी चहा गाळत होती, तीन कपांत. हात कापत होते, पण थेंबही सांडला नाही.

"आई, आज दुपारच्या गाडीने निघायचं. दोन साड्या घे फक्त."

"मी नाही येत. आता तर ते बोलूनही राहिले."

"काय बोलतात?"

"बोलतात म्हणजे विचारतात." तिने गाळणी झटकली. "आपलं लग्न कोणत्या गावी झालं. भाऊराव त्यांले काय म्हणून हाक मारत होता. चहात साखर किती घेत होते."

तिचा चेहरा शांत होता. तिच्या डोक्यात काही बिघाड नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"कालच्याला तुझं विचारलं," ती म्हणाली. "म्हणे, पोरीले मी लाडानं काय म्हणत होतो?"

बाबा मला एका नावाने हाक मारत. ते आम्हा तिघांपलीकडे कोणालाच माहीत नव्हतं. शाळेत नाही, नातेवाइकांत नाही, भाऊराव काकांनाही नाही. बाबा गेल्यावर ते आम्हा दोघींकडेच उरलं होतं.

"तू सांगितलंस?"

आईने तिसरा कप बशीत ठेवला आणि मागच्या दाराकडे निघाली.

"सांगितलं ना," ती म्हणाली. "विसरले होते म्हणे."