वाक्य 'मला'पासून सुरू करा

त्याने माझा पाय तुडवला आणि काहीच म्हणाला नाही. नव्या वर्गाचा पहिला दिवस, दारात गर्दी, माझी कोरी चप्पल—आणि हा उंच, दाढी वाढलेला मुलगा खुशाल पुढे निघाला!

"ओ! सॉरी म्हणायची पद्धत असते!"

तो थांबला. वळला. डोळे शांत. समोरच्याला राग यावा इतके शांत.

"म्हणालो..."

"कधी?"

"मनात."

"मनात बोलून भागत असेल तर संवादशास्त्राच्या वर्गात कशाला आलास?"

"म्हणूनच आलो," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. म्हणजे आलं होतं, पण मी येऊ दिलं नाही.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. विद्यापीठात मुख्य विषयासोबत एक मायनर घ्यावा लागतो. मी संवादशास्त्र घेतलं, कारण माझं डोकं पटकन तापतं आणि तोंड त्याच्याही आधी सुटतं. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "बोलण्याचं शिक्षण? तुला? गप्प बसण्याचा कोर्स असेल तर बघ, फी दुप्पट भरतो." आत्या म्हणाली, "माशाला पोहायला शिकवताय होय!" मी दोघांशीही अबोला धरला. तो जेमतेम रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला.

मॅडमनी जोड्या लावल्या, तेव्हा माझ्या वाट्याला नेमका तोच आला. भूगर्भशास्त्राचा. खिशात सतत एखादा खडा, म्हणून सगळे त्याला दगड्या म्हणायचे. मला मात्र वाटायचं, हे नाव स्वभावावरूनच पडलं असणार. कँटीनमध्ये सरावाला बसलो की मी बोल बोल बोलायचे आणि तो ऐकायचा... असा टक लावून ऐकायचा, की मीच मधे अडखळायचे. बोलण्याच्या नादात माझा चहा निवून जायचा. तो गुपचूप आपला गरम कप माझ्याकडे सरकवायचा आणि माझा गार चहा स्वतः पिऊन टाकायचा.

"गार चहा आवडतो तुला?" एकदा मी खेकसले.

"नाही."

"मग पितोस कशाला?"

"दुसरा आणायला उठलो, तर तुझं बोलणं तुटेल ना..."

असं कुणी म्हणालं की काय उत्तर द्यायचं, ते आम्हाला एकाही तासाला शिकवलं नव्हतं. मी उगाचच त्याच्यावर डाफरले.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या काकांनी मला हटकलं. "तुझा दगड्या चालला की! वर्षभर खाणीवर प्रशिक्षणाला. आजची परीक्षा देऊन मायनरमधून नाव काढून घेतोय. पुढच्या सत्रात नवा जोडीदार बघ बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांना ठाऊक, बहुतेक त्या खाणीतल्या दगडांनाही ठाऊक, फक्त मला नाही! आणि खरा संताप कशाचा होता, सांगू? माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि ते मला असं ऑफिसच्या खिडकीपाशी, तो जायला निघाल्यावर कळावं!

त्याच रागात मी परीक्षेला त्याच्यासमोर उभी राहिले. प्रसंग ठरलेला होता: एका घरात राहणारे दोघं, भांडण न घासलेल्या भांड्यांवरून. नियम एकच. आरोप करायचा नाही. वाक्य 'तू'पासून सुरू झालं की वर्ग बाक वाजवणार आणि गुण कापला जाणार.

"वाक्य 'मला'पासून सुरू करा," मॅडम म्हणाल्या. "स्वतःला काय वाटतं, ते सांगा."

"मला राग येतो," मी सुरुवात केली, "भांडी तशीच पडून राहतात तेव्हा."

"मला वाईट वाटतं," तो पाठ केल्यासारखं म्हणाला. "मला वेळ मिळाला नाही."

"मला भयंकर राग येतो, कुणी न सांगता घर सोडून जायचं ठरवतं तेव्हा!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. हे आमच्या सरावात नव्हतं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "भांडी कुठे गेली?"

"मला... सांगायचं होतं."

"तू सांगितलंस का पण?"

टक टक टक!

"तू रोज समोर बसून—"

टक टक टक!

"वाजवा! फोडून टाका बाकं!"

"मला भीती वाटत होती," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तू नुसतं 'बरं, जा' म्हणशील... मला ते सोसलं नसतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हा माणूस माझं उत्तरसुद्धा स्वतःच्याच मनात देऊन मोकळा झाला होता!

"मला..." माझा आवाज चिरकला. "मला तू हवा आहेस, गाढवा!"

एकही बाक वाजला नाही. मॅडम घसा खाकरून म्हणाल्या, "नियमात बसतंय. शेवटचा शब्द सोडून."

मी तडक बाहेर पडले. लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि ते येतंय याचा वेगळा राग येत होता. व्हरांड्यात तो धावत मागे आला.

"ऐक ना..."

"नाही ऐकणार. जाणारच आहेस ना?"

"हो. जाणार." तो धापा टाकत होता. "ही संधी पुन्हा मिळायची नाही. मला ती हवीय. आणि तूही हवी आहेस... पहिल्या दिवसापासून."

'नाही जात' असं खोटं म्हणाला असता, तर मी विरघळले असते आणि उद्या पुन्हा भडकले असते. हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

"आणि वर्षभर मी काय करू? भांडू कुणाशी?"

त्याने माझा हात धरला. तळवा खरखरीत होता, पण ऊबदार.

"माझ्याशीच. फोनवर भांड, सुट्टीत येईन तेव्हा समोर बसून भांड. पण दुसऱ्या कुणाशी असं भांडलीस—तर मला चालणार नाही."

माझा राग आवरायला आजवर सगळ्यांनीच सांगितलं होतं. बाबांनी, आत्याने, मॅडमनी. तो राग 'माझ्यासाठी राखून ठेव' म्हणणारा हा पहिलाच. हात सोडवून घ्यावा असं काही केल्या वाटेना.

"मग आधी हे सांग," मी दुसऱ्या हाताने डोळे पुसत म्हणाले, "काकांना माझ्याआधी का सांगितलंस?"

तो तोंड उघडणार, इतक्यात मीच पुढे बोलायला लागले, आणि आमचं पहिलं खरंखुरं भांडण सुरू झालं.